साडेसहाशेचे मडफ्लॅप आणि अठरा हजारांचं पॅकेज

सासवडच्या एका वाचकांची चार वर्षांची पिकअप आहे. पुरंदरची सीताफळं, वाटाणा असा लोकांचा माल दिवे घाटातून उतरवून गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पोचवायचा, हा त्यांचा भाड्याचा धंदा. ते विचारतात : "ताई, मागच्या पावसाळ्यात चाकांमागच्या पत्र्याला गंज धरला. नाना पेठेत चाकांमागे लोंबते लावायचे चार रबरी मडफ्लॅप ६५० रुपयांना मिळतायत, बसवायचे २०० वेगळे. शोरूमवाला कंपनीचे २,४०० रुपयांत बसवून देतो. वर म्हणतो, अंडरबॉडी कोटिंग, सीट कव्हर धरून १८,००० चं पॅकेज घ्या, महिन्याला ९०० भरा, २४ महिने. काय करू? आणि बिल घेतलं तर टॅक्समध्ये धरता येईल का?"

आधी पॅकेज बाजूला काढू. २४ हप्ते म्हणजे २१,६०० रुपये, त्यात व्याज ३,६००. शोरूमवाला याला "वर्षाला फक्त दहा टक्के" म्हणेल. पण मुद्दल तुम्ही दर महिन्याला फेडणार आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण १८,००० वर मोजलेलं. फिटत जाणाऱ्या मुद्दलावर हिशेब मांडला तर दर अठरा टक्क्यांच्या आसपास जातो. सीट कव्हरवर अठरा टक्के व्याज! कोटिंग, म्हणजे गाडीच्या खालच्या पत्र्यावरचा गंजरोधक थर, हवंच असेल तर तेवढंच करा, रोखीने, आणि आधी गंज खरवडून. गंजावरच थर मारला तर ओल आत कोंडते आणि पत्रा झाकणाखाली सडत राहतो.

उरले ८५० की २,४००. कंपनीचे फ्लॅप चार वर्षं चालले असं धरलं, तर वर्षाला ६०० पडतात. त्या भावाने ८५० वसूल व्हायला स्वस्तातले फ्लॅप सतरा महिने टिकायला हवेत. जूनमध्ये लावले तर पुढच्या वर्षाच्या ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे दोन पावसाळे. पहिल्याच पावसाळ्यात फाटले तर महाग पडले, दोन काढले तर तुम्ही जिंकलात. माझं मत स्वस्ताच्या बाजूने आहे. मडफ्लॅप ही झिजायची वस्तू. दगड, चिखल, खडी तिने खायची, म्हणजे पत्रा वाचतो. पालखी मार्गाच्या रुंदीकरणाची खडी रोज अंगावर घेणाऱ्या गाडीला चकचकीत फ्लॅप कशाला?

मात्र स्वस्त घेताना हातात घेऊन दुमडून बघा. घडीवर पांढरी रेघ उमटली तर ते रबर नव्हे, कडक प्लॅस्टिक आहे. उन्हात वाळून तडकेल. ते ३०० ला दिलं तरी घेऊ नका.

खरा पैसा बसवण्यात वाचतो किंवा जातो. माझ्या पहिल्या गाडीला एका दुकानात असेच फ्लॅप बसवले होते. पोऱ्याने धडाधड ड्रिल मारलं, उघड्या पत्र्याला रंगाचा थेंब लावला नाही. गंज थांबवायला लावलेल्या फ्लॅपच्या भोकातूनच गंज सुरू झाला आणि डेंटिंग-पेंटिंगचं बिल फ्लॅपच्या कितीतरी पट आलं. तेव्हा कंपनीच्या आयत्या भोकांवर बसतील असेच फ्लॅप शोधा. नवीन भोक पाडावंच लागलं तर कडेला प्रायमर, स्टेनलेसचा स्क्रू आणि रबरी वायसर, एवढं समोर उभं राहून करून घ्या. माल भरला की स्प्रिंगचे पाटे दबतात आणि गाडी खाली बसते, म्हणून रिकाम्या गाडीवर फ्लॅप जमिनीपासून चांगले उंच ठेवा. नाहीतर गाळ्याला गाडी मागे लावताना फ्लॅप टायरखाली सापडून उपटतो. पुढच्या चाकांना स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, कुठे घासत नाही ना. आणि हे काम शनिवारी करा, यार्ड बंद असतं. ८५० च्या कामापायी एक खेप बुडवली तर सगळा हिशेबच फिरला.

टॅक्सचं थोडक्यात. तुम्ही मालवाहू गाडीची अनुमानित उत्पन्नाची योजना घेत असाल, तर १२ टनांपर्यंतच्या गाडीमागे महिन्याला ७,५०० रुपये उत्पन्न धरलं जातं, प्रत्यक्षात जास्त असेल तर ते. डिझेल, टायर, मडफ्लॅप यांचा खर्च त्यातून वेगळा वजा होत नाही. तेव्हा निव्वळ टॅक्सपायी २,४०० चं पक्कं बिल घेण्यात काही हशील नाही.

तुम्ही न विचारलेली एक गोष्ट मात्र मला जास्त खटकते. गंजाचा क्लेम विम्यात मिळतच नाही, ती झीज धरतात. पण मालवाहू गाडीच्या पॉलिसीत मडगार्ड, दिवे, टायर, बंपर, बॉनेटची बाजू आणि रंगकाम यांचं नुकसानही, गाडी पूर्ण निकामी झाल्याशिवाय, सहसा वगळलेलं असतं. त्यासाठी जादा हप्ता भरून आयएमटी २३ नावाचं कलम जोडावं लागतं. घाटात कुणी बाजूने घासून गेलं तर पहिला मार याच भागांना बसतो. वाचलेले दीड हजार मी तिकडे वळवले असते. पॉलिसीचं पहिलं पान आणि कलमांचे आकडे लिहिलेलं पान, दोन्हींचे फोटो पाठवा. नूतनीकरणाच्या आधी बघून सांगते.