ठाण्यात नवीन आहात? वीजबिल असं वाचा

दादरहून घोडबंदरला आलात, म्हणजे बेस्टची वीज सुटली आणि महावितरणची आली. दोघांचेही दर राज्य वीज नियामक आयोगच ठरवतो, पण वीजखरेदीचा आणि वाहिन्यांचा खर्च प्रत्येकाचा वेगळा. शिवाय महावितरणच्या जास्त वापराच्या घरगुती दरात शेतीपंपांच्या सवलतीचाही भार असतो.

नवखे फक्त युनिटचा दर बघतात. तसं नका करू:
- दरात वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा प्रति युनिट खर्च) मिळवा. स्थिर आकार (वापर कितीही असो, दरमहा ठरलेला), इंधन समायोजन (वीजखरेदीच्या खर्चातल्या चढउताराचा फरक), वीज शुल्क (सरकारी कर) वेगळं.
- दर बदलण्याचे टप्पे महिन्याला 100, 300, 500 युनिटचे. 301वं युनिट महागतं, आधीची 300 नाही! (हे सोसायटीच्या ग्रुपवर कुणाला पटत नाही.)
- बिल किती दिवसांचं आहे ते बघा.

कळवा-मुंब्र्यात बिल टोरंटचं (महावितरणने नेमलेली खासगी कंपनी), दर मात्र महावितरणचेच. छतावर सोलर बसवायचा विचार असेल, तर ते नंतर बोलू. आधी वर्षभराची बिलं काढा.