कोठ्यातली खाट

प्रश्न : माझे चुलत सासरे आमच्यातच राहतात, वय ६४. जूनमध्ये त्यांच्या पाठीवरचे चट्टे तपासले तर कुष्ठरोग निघाला. सरकारी दवाखान्यातून वर्षभराच्या गोळ्या सुरू झाल्या. त्याच दिवशी घरात ठरलं, पोरं लहान आहेत, यांची खाट गुरांच्या कोठ्यात हलवायची. ताट वेगळं, गडवा वेगळा. ताट मीच नेते. खाली ठेवते आणि दोन पावलं मागे सरते. ते काही बोलत नाहीत. आमच्या लग्नात पैसे कमी पडले तेव्हा यांनीच बैल विकला होता. मी इतकी निर्दय कशी झाले?
– एक वाचक, भंडारा जिल्हा

उत्तर : ताई, आधी पोरांचं. गोळ्या सुरू झाल्यावर काही दिवसांतच रोग पसरायची भीती जवळपास संपते. ताटवाटीतून, हात लागल्याने तो होत नाही. उपचार न घेतलेल्या माणसाच्या दीर्घ सहवासात, श्वासावाटे होऊ शकतो आणि बहुतेकांच्या अंगात त्याला थोपवायची ताकद असते. म्हणजे धोका जो होता तो जूनच्या आधी होता, ते तुमच्या पंगतीत जेवत होते तेव्हा. खाट हलवून काहीच टळलं नाही. पोरांना आणि घरातल्या सगळ्यांना दवाखान्यात दाखवा. संपर्कातल्या लोकांना रोग होऊ नये म्हणून रिफाम्पिसिन या औषधाचा एक डोस देतात, तो विचारून घ्या. या आजारात जंतू अंगात गेल्यापासून चट्टा दिसेपर्यंत सरासरी ५ वर्षं जातात, तेव्हा पुढेही लक्ष ठेवा.

आता कोठ्याचं. त्यांच्या पावलांना बधिरपणा असेल, तर रात्री उंदीर बोटं कुरतडतात आणि माणसाला कळतही नाही. सकाळी रक्त दिसतं तेव्हा समजतं. अशा जखमा मी स्वतः धुतल्या आहेत. खाट आजच सपरीत, म्हणजे ओसरीत, आणा, उद्यावर टाकू नका.

निर्दय म्हणता. १९८९ मध्ये मी कुष्ठरोग तंत्रज्ञ म्हणून नोकरीला लागलो. प्रशिक्षणात सगळं शिकलो होतो. पहिल्याच महिन्यात एका गावात एक म्हातारी पेशंट होती. बोटं वाकलेली. तिने दोन्ही तळव्यांत धरून पाण्याचा लोटा पुढे केला. मे महिना, मी सहा किलोमीटर सायकल मारून आलेलो, घसा कोरडा. म्हणालो, ‘आत्ताच प्यालो आजी.’ तिने लोटा होता तिथे ठेवला. त्यानंतर वर्षभर मी दर महिन्याला गोळ्या घेऊन तिच्या दारात गेलो, तिने पुन्हा कधी पाणी विचारलं नाही. मागायची माझी हिंमत झाली नाही. ३१ वर्षं नोकरी केली, तो लोटा अजून डोळ्यांपुढे आहे.

बाबा आमटेसुद्धा पावसात पडलेल्या तुळशीराम या कुष्ठरोग्याला पाहून आधी भिऊन पळाले होते. मग परतले, त्याला आडोसा केला, भरवलं. तुळशीराम वाचला नाही. आनंदवन उभं राहिलं ते त्यानंतर. तुमचं पाऊल मागे सरतं त्याचा दोष मी तुम्हाला देणार नाही. पण त्या भीतीचा घरात नियम झाला आहे, ताट वेगळं, गडवा वेगळा, तो आधी मोडा. मालक ऐकत नसतील तर त्यांना दवाखान्यात घेऊन जा, तिथल्या माणसांच्या तोंडून ऐकू द्या.

गोळ्यांनी कातडी काळवंडते, लघवी लालसर होते. घाबरून गोळ्या बंद करू नका. हातापायांच्या शिरा दुखल्या, चट्टे एकदम लाल होऊन सुजले तर लगेच दवाखाना गाठा. हात बधिर असतील तर चहा स्टीलच्या गरम ग्लासात देऊ नका, चटका कळणार नाही. कान असलेला कप द्या, तुम्ही पिता त्यातलाच.

आणि संध्याकाळी साध्या पाण्यात वीसेक मिनिटं पाय भिजवून, तेल लावून, तळवे उजेडात तपासायचे असतात. ते एकट्याने होत नाही. ‘मामाजी, पाय बघू का?’ असं विचारा. पहिल्या दिवशी ते नाही म्हणतील. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा.