कृत्रिम बुद्धिमत्ता आणि काम या विषयावर कोल्हापुरात राहून पीएचडी करायची आहे. सुरुवात कशी करावी?

विषय कसा ठरवावा, गाईड कसा निवडावा आणि कोडिंग यायलाच हवे का, असे आपण विचारले आहे. विषयाबाबत माझे मत ठाम आहे: प्रश्नावली छापण्याआधी कारखान्यात जाऊन बसा. ‘कृत्रिम बुद्धिमत्तेचा कर्मचाऱ्यांवरील परिणाम: कोल्हापूर जिल्ह्याच्या विशेष संदर्भात एक चिकित्सक अभ्यास’ अशा मथळ्याचा प्रस्ताव कृपया लिहू नका.

मी पीएचडी बाहेरच्या एका विद्यापीठातून केली, पण क्षेत्रकार्य शिरोली एमआयडीसीतील एका फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात केले. साच्याच्या वाळूच्या चाचण्या आणि कास्टिंगचे (ओतून बनवलेल्या भागांचे) रिजेक्शन यांच्या जुन्या नोंदींवरून पुढच्या मिश्रणात पाणी व बेंटोनाइट (वाळू बांधून ठेवणारी माती) किती घालावे, हे सुचवणारी संगणकप्रणाली तिथे बसवली होती. तोवर हा निर्णय वाळू विभागातील एक मिस्त्री घेत असत. मिक्सरमधली वाळू मुठीत घेऊन ते आवळत, गोळा मधोमध मोडत आणि मोडलेली कड टिकते की ढासळते हे पाहून पाणी कमी-जास्त करायला सांगत. प्रणाली आली तेव्हा कोणाची नोकरी गेली नाही, पगारही तेच राहिले. मात्र स्क्रीन क्वालिटीच्या केबिनमध्ये लागली आणि ब्लोहोल (कास्टिंगमधली वायूची पोकळी) का आले, याचे उत्तर सकाळच्या मीटिंगमध्ये केबिनमधून येऊ लागले. आकडा चुकला की मात्र ‘तुम्ही वाळू हातात घेऊन बघितली नाही का?’ असे मिस्त्रींनाच विचारले जाई. ज्या रजिस्टरवरून प्रणाली शिकली होती, ते रजिस्टर वर्षानुवर्षे त्यांनीच लिहिलेले होते. गोकुळ शिरगावच्या दुसऱ्या फौंड्रीत तशीच प्रणाली होती, पण तिथे स्क्रीन मिक्सरशेजारी होती आणि कारण नोंदवून आकडा बदलण्याची मुभा कामगारांना होती. तिथे मिस्त्रींचा शब्द कमी झाला नव्हता.

हे मी मांडले तेव्हा माझ्या पीएचडीच्या समितीतील एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी नमुना किती आणि गृहीतक कोणते, एवढेच विचारले. दोन फौंड्र्या म्हणजे संशोधन नव्हे, तीनशे कामगारांकडून प्रश्नावली भरून आणा, हा त्यांचा आग्रह मला आजही मान्य नाही. संघटनांचे अभ्यासक स्टीफन बार्ली यांनी १९८६ मध्ये मांडलेला अभ्यास दोनच रुग्णालयांचा होता: दोन्हीकडे सीटी स्कॅनर आले, पण डॉक्टर आणि तंत्रज्ञ यांच्यातील अधिकारांची मांडणी दोन ठिकाणी वेगवेगळी झाली. संघटनांच्या अभ्यासात तो आजही आधाराला घेतला जातो. निर्णय कोणाचा आणि दोष कोणाच्या माथी, हे ‘पूर्णतः सहमत’च्या रकान्यात मावत नाही, आणि सुपरवायझर शेजारी उभा असताना ठेकेदाराचा कामगार त्या रकान्यात मोकळेपणाने खूण करत नाही.

मोठ्या आकड्यांनीही दबून जाऊ नका. फ्रे आणि ऑस्बोर्न या ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१३ मध्ये अमेरिकेतील ४७ टक्के रोजगारांना संगणकीकरणामुळे मोठा धोका असल्याचा अंदाज दिला. २०१६ मध्ये आर्न्ट्झ व सहकाऱ्यांनी अख्ख्या व्यवसायाऐवजी त्यातली सुटी कामे पाहिली, तेव्हा ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेतील २१ देशांसाठी हा अंदाज सरासरी ९ टक्क्यांवर आला. म्हणून आपणही एकच काम धरा: वाळूचे पाणी ठरवणे, इचलकरंजीत कापडातले दोष तपासणे, असे काहीतरी.

कोडिंग आलेच पाहिजे असे नाही. पण प्रणाली कोणत्या नोंदींवरून शिकली आणि त्या कोणी लिहिल्या, हे विचारण्याइतकी समज हवी. गाईड निवडताना त्यांचे विद्यार्थी प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी किती राहिले ते विचारा. पहिल्याच भेटीत नमुन्याचा आकडा मागणारे गाईड या विषयाला उपयोगाचे नाहीत.

अर्थात, किती रोजगार गेले हाच आपला प्रश्न असेल, तर सर्वेक्षणाला पर्याय नाही. माझ्या पद्धतीला वेळही फार लागतो आणि यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार किमान तीन, साधारणपणे कमाल सहा वर्षे मिळतात. मालकांची परवानगी लेखी घ्या आणि नोंदी प्रबंधात वापरता येतील, हे त्यात स्पष्ट लिहून घ्या.