वाचकांचे प्रश्न : रस्त्यावरची चाचणी

प्रश्न : आमचा गट पुण्याच्या पेठांमधील जुन्या वाड्यांची माहिती त्या त्या जागी पोचताच ऐकवणारे मोबाइल ॲप तयार करीत आहे. कार्यालयात ते व्यवस्थित चालते. तरीही रस्त्यावर चाचणी घ्यावी का?

उत्तर : अवश्य घ्यावी. मोकळ्या आकाशाखाली स्मार्टफोनचा जीपीएस साधारण ५ मीटरपर्यंत अचूक असतो. परंतु अरुंद बोळात उपग्रहाचे संकेत भिंतींवर आदळून उशिरा पोचतात आणि नकाशावरचा ठिपका शेजारच्या गल्लीत सरकतो. ज्यात शिरताच माहिती सुरू होते ते वाड्याभोवतीचे नकाशावरील वर्तुळ १० मीटरचे ठेवले, तर दिंडी दरवाजासमोर उभ्या असलेल्या माणसालाही काही ऐकू येणार नाही, आणि १०० मीटरचे ठेवले, तर दोन-तीन वाड्यांची माहिती एकदमच सुरू होईल. संगणकावर कृत्रिम स्थान देऊन केलेल्या चाचणीत हे दिसत नाही.

गटाबाहेरची, शक्यतो वयस्कर माणसे बोलवा, त्यांना स्वतःचाच फोन वापरू द्या आणि मदत न करता मागून चालत ती कुठे थबकतात ते टिपा. पडद्याकडे पाहत रस्ता ओलांडण्याची वेळ कोणावरही येता कामा नये. माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची कसोटी आहे. अँड्रॉइड १२ पासून वापरकर्त्याला ॲपला आपले केवळ अंदाजे स्थान कळू देण्याची मुभा आहे, तेव्हा तशीही एक फेरी करा.