मातीच्या वाड्याला हात लावण्याआधी

भाऊ, नागपूरकडच्या जुन्या मातीच्या घराला सिमेंटचं प्लास्टर अजिबात नको. मातीची भिंत पावसात ओल ओढते, उन्हात सोडते. सिमेंटनं वाट बंद झाली की ओल आतच मुरते, पायथ्याची माती भुसभुशीत होते आणि वरचा थर पोपडे धरून पडतो. त्यापेक्षा माती, कुटार (धान्याचा भुसा) आणि शेण कालवून आठवडाभर मुरू द्या, मग लिंपा.

पण आधी छप्पर! कवेलू, म्हणजे छपराची कौलं, मृगाच्या आधी फेरून घ्या. एक फुटलेलं कवेलू खालचं सागवान कुजवतं. लाकडाचं टोक भिंतीत शिरतं तिथं स्क्रू ड्रायव्हर टोचा. सहज आत गेला तर वाळवी नाहीतर कूज समजा.

गोठ्याच्या फरशीचा उतार घरापासून दूर हवा, नाहीतर गोमूत्राच्या खारानं भिंत खालून झडते.