वाचकांचे प्रश्न : रोजचे ताट, चहाची वेळ आणि शतपावली

या अंकासाठी आलेल्या पत्रांत औषधांपेक्षा घरच्या जेवणाविषयीचे प्रश्न अधिक आहेत, याचा मला मनापासून आनंद झाला. ‘काय खावे’ असा प्रश्न बहुतेकांनी विचारला आहे. उत्तरे लिहिताना मात्र जे घरात आधीपासून आहे ते कशाबरोबर, केव्हा आणि कोणाबरोबर खावे, याकडेच मला पुन्हा पुन्हा वळावे लागले.

प्रश्न : मी ३८ वर्षांची शिक्षिका आहे. नुकत्याच केलेल्या तपासणीत माझे हिमोग्लोबिन १०.२ आले. मी रोज गूळ-शेंगदाणे, खजूर आणि बीट खाते, तरीही ते वाढत नाही. सकाळी पोह्यांबरोबर आणि दुपारी डबा संपवल्यावर लगेच चहा घेण्याची सवय आहे. आणखी काय खावे? (एक वाचिका, सातारा)

उत्तर : गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीच्या रक्तात हिमोग्लोबिन दर डेसिलिटरमागे १२ ग्रॅमपेक्षा कमी असले की रक्तक्षय आहे असे धरतात, आणि ११ च्या खाली तो मध्यम स्वरूपाचा मानला जातो. म्हणून पहिली विनंती ही की, केवळ आहारावर विसंबू नये. डॉक्टरांना भेटावे, त्यांनी लोहाच्या गोळ्या दिल्यास त्या पूर्ण मुदतीपर्यंत घ्याव्यात आणि पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर तेही मोकळेपणाने सांगावे, कारण झिरपणे थांबल्याशिवाय भरणे पुरे पडत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. घरातल्या सर्वांचे पोट भरल्यावर उरलेसुरले खाणाऱ्या बाईचे हे दुखणे आहे आणि ते ‘बायकांना असायचेच’ म्हणून सोडून देणे मला कधीही पटलेले नाही.

आता आहाराकडे वळू. गुळाविषयी आपल्याकडे फार मोठा विश्वास आहे. पण १०० ग्रॅम गुळात लोह असते चार-पाच मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे १० ग्रॅमच्या खड्यातून मिळते सुमारे अर्धा मिलिग्रॅम. प्रौढ स्त्रीसाठी शिफारस आहे दिवसाला २९ मिलिग्रॅमची. बीटाचा रंग रक्तासारखा असला तरी लोहाच्या बाबतीत ते आपल्या राजगिऱ्याच्या किंवा माठाच्या पालेभाजीच्याही मागे आहे. गूळ-शेंगदाणे आवडतात म्हणून जरूर खावेत, शेंगदाण्यातून प्रथिने चांगली मिळतात. परंतु लोहासाठी भिस्त ठेवावी ती मटकी, चवळी, हुलगे, बाजरीची भाकरी, हिरव्या पालेभाज्या आणि अळीव यांच्यावर.

तरीही आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला चहाची वाटते. धान्य, कडधान्य आणि भाज्यांतले लोह मुळातच आतड्यात थोडेसे शोषले जाते. त्याच वेळी चहा पोटात गेला की त्यातली टॅनिनसारखी द्रव्ये त्या लोहाला बांधून ठेवतात आणि हे थोडेसे शोषणही निम्म्याहून अधिक घटू शकते. कॉफीचेही असेच आहे. आपण चहा सोडावा असे मी मुळीच म्हणणार नाही, कारण तासांमधल्या सुट्टीत सहकारी शिक्षिकांबरोबर घेतलेला चहा हे दिवसातले खरे सुख असते. तो फक्त जेवणापासून तासभर दूर न्यावा. डबा एक वाजता संपत असेल तर चहा दोननंतर घ्यावा, आणि सकाळी उठल्यावरचा चहा घेऊन झाला की पोहे तासाभराने खावेत.

चहाच्या जागी ताटात लिंबू यावे. जीवनसत्त्व ‘क’ वनस्पतिजन्य लोहाचे शोषण वाढवते, पण ते त्याच जेवणात असावे लागते. सकाळी घेतलेले लिंबूपाणी दुपारच्या उसळीच्या उपयोगी पडत नाही. पोह्यांवर लिंबू पिळणे, उसळीबरोबर कच्चा टोमॅटो आणि कोथिंबिरीची कोशिंबीर घेणे, जेवणानंतर पेरूच्या फोडी खाणे यांत खर्च किंवा श्रम फारसे नाहीत. १०० ग्रॅम पेरूत जीवनसत्त्व ‘क’ २०० मिलिग्रॅमहून अधिक असते, म्हणजे संत्र्याच्या कितीतरी पट. लिंबू मात्र भाजी चुलीवरून उतरल्यावर पिळावे, कारण हे जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होते. कडधान्याला मोड आणल्यानेही लोह अडवून ठेवणारे फायटेट कमी होते. घरात लोखंडी कढई असेल तर टोमॅटो घातलेली भाजी तिच्यात करावी, त्यातून थोडे लोह उतरते. शिजलेली भाजी तिच्यात ठेवून मात्र देऊ नये. आपण मांसाहार करत असाल तर मासे आणि मटण यांतले लोह सहज शोषले जाते आणि सोबतच्या भाकरी-उसळीतल्या लोहालाही त्याची मदत होते. गोळी घेताना ती दुधाबरोबर, चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नये.

प्रश्न : सकाळी कोमट पाण्यात लिंबू आणि मध घेतल्याने चरबी वितळते का? (एक वाचक, अहिल्यानगर)

उत्तर : नाही. चमचाभर मधातून सुमारे २० कॅलरी मिळतात आणि शरीराच्या दृष्टीने ती साखरच असते. उठल्यावर पाणी पिणे चांगले. ते आपल्याला कोमट आवडत असेल तर कोमट प्यावे. मधुमेह असल्यास मध वगळावा, आणि पित्ताने छातीत जळजळत असेल तर रिकाम्या पोटी लिंबूही घेऊ नये.

प्रश्न : माझे वय ७१ आहे. बंगळूरला असलेली मुलगी प्रेमाने क्विनोआ, चिया आणि ओट्सची पाकिटे पाठवते. मला ज्वारीची भाकरीच गोड लागते. सौम्य मधुमेह आहे. मुलीचे ऐकावे की जिभेचे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : भाकरी खावी, आणि मुलीने पाठवलेले ओट्सही एखाद्या सकाळी आनंदाने खावेत, त्यात वाईट काही नाही. मात्र या पाकिटांत असे काहीच नाही की जे आपल्या पिठाच्या डब्यात सापडणार नाही. चियात असलेले ओमेगा-३ मेद जवसातही भरपूर असतात. फक्त जवस अख्खे खाल्ले तर ते न पचताच बाहेर पडतात, म्हणून ते भाजून, कुटून केलेली चटणी हाच त्यांचा योग्य मार्ग होय. ती थोडी थोडी करावी, कारण कुटलेले जवस लवकर खवट होतात. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात कॅल्शियम ३५० मिलिग्रॅमच्या आसपास असते आणि तेवढ्याच दुधात ते १२० च्या आसपास असते, अर्थात दुधातले कॅल्शियम अधिक सहजतेने शोषले जाते. ज्वारी तर आपल्या मातीतलीच आहे. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, आणि तिच्या पांढऱ्याशुभ्र भाकरीची चव ज्यांनी घेतली आहे त्यांना त्याचे आश्चर्य वाटणार नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. भाकरी ज्वारीची आहे म्हणून ती कितीही खाल्ली तरी चालते, असा समज मधुमेही मंडळींमध्ये फार पसरला आहे. ज्वारीतही मुख्यत्वे पिष्टच असते. एका वेळी एक किंवा दीड भाकरी, तिच्याबरोबर वाटीभर घट्ट आमटी किंवा पिठले, तेवढीच भाजी, काकडी-मुळ्याची कोशिंबीर आणि ताक, असे ताट असले तर साखर सावकाश चढते. चार भाकऱ्या आणि पातळ रस्सा असे ताट असेल तर ज्वारी काहीच करू शकणार नाही.

आपल्या वयात स्नायू झपाट्याने कमी होतात, म्हणून प्रथिनांकडे विशेष लक्ष द्यावे. प्रौढांसाठी वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने अशी शिफारस आहे. ६० किलो वजनाच्या माणसासाठी ती ५० ग्रॅमच्या जवळ जाते आणि वृद्धांनी त्याहून थोडी अधिक घ्यावीत असे अनेक तज्ज्ञ मानतात. वाटीभर घट्ट डाळीतून सहा-सात ग्रॅम, वाटीभर दह्यातून पाचेक, मूठभर शेंगदाण्यांतून सात आणि एका अंड्यातून सहा ग्रॅम प्रथिने मिळतात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास हे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

प्रश्न : मला रक्तदाब आहे. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितले. आमच्याकडे सोलकढी, सुके मासे आणि लोणच्याशिवाय जेवण होत नाही. आता काय उरले? (एक वाचिका, वेंगुर्ले)

उत्तर : पुष्कळ उरले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे दिवसभराचे मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी असावे, म्हणजे सपाट चमचाभर, आणि त्यात आमटी-भाजीपासून पापडापर्यंतचे सगळे धरायचे असते. सोलकढी आपण बाटलीतल्या आगळापासून करत असाल तर त्यात आधीच भरपूर मीठ असते. त्याऐवजी बिनमिठाची सुकी कोकमे कोमट पाण्यात भिजवून कुस्करावीत आणि लसूण, मिरची, कोथिंबीर सढळ हाताने घालावी. आंबटपणा आणि तिखटपणा असला की जिभेला मिठाची उणीव कमी भासते, आणि कोकणच्या स्वयंपाकात कोकम, कैरी, तिरफळ यांची काही कमतरता नाही. नारळाचे दूध मात्र पातळच ठेवावे.

सुका बांगडा किंवा बोंबील पाण्यात भिजवून ते पाणी दोनदा बदलले तरी त्यात बरेच मीठ राहते. तेव्हा ते पावसाळ्यातले क्वचितचे तोंडीलावणे मानावे आणि एरवी ताजी तारली, पेडवे, बांगडा घ्यावा. हे स्वस्त मासे हृदयाला हितकर अशा ओमेगा-३ मेदांनी समृद्ध असतात, आणि महागड्या सुरमईपुढे त्यांना कमी लेखण्याचे काही कारण नाही. सकाळची उकड्या तांदळाची पेज सोडू नये. भात उकडून मग सडल्याने टरफलाजवळची ‘ब’ जीवनसत्त्वे दाण्यात मुरतात आणि पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळापेक्षा उकड्या तांदळात ती अधिक टिकतात. तिच्याबरोबर खारातल्या कैरीऐवजी चवळीची उसळ घ्यावी. बाजारात मिळणारे कमी सोडियमचे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये, कारण त्यात पोटॅशियम असते आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना किंवा रक्तदाबाची काही औषधे घेणाऱ्यांना ते घातक ठरू शकते.

प्रश्न : लोकलच्या प्रवासामुळे व्यायामाला वेळ मिळत नाही. रात्री जेवणानंतरच्या शतपावलीने खरोखर काही होते का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : होते. जेवणानंतर रक्तातली साखर चढू लागते त्याच सुमारास पायांचे मोठे स्नायू कामाला लागले की ते ती साखर वापरतात; दहा-पंधरा मिनिटांचे सहज चालणेही जेवणानंतरची साखरेची उसळी कमी करते. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा अशी शिफारस आहे, आणि शतपावलीबरोबर स्टेशनपर्यंतचे झपझप चालणेही त्यात मोजता येते. पत्नीला किंवा मुलांना बरोबर घ्यावे, मोबाइल घरी ठेवावा. रात्रीचे जेवण साडेनऊऐवजी साडेआठला होऊ शकले तर झोपही सुधारेल.

प्रश्न : वडील गेल्यापासून ६६ वर्षांची आई यवतमाळजवळच्या गावी एकटीच राहते. ती पूर्ण शाकाहारी आहे. ‘एकटीसाठी काय रांधायचे’ म्हणून बरेचदा चहा-बिस्किटांवर रात्र काढते. मी नागपूरहून टॉनिक आणि प्रोटीन पावडर पाठवतो, ती तशीच पडून असते. काय करावे? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : आपल्या आईला भूक नाही असे मला वाटत नाही. ज्यांच्यासाठी ती आयुष्यभर रांधत आली ते माणूस समोर नाही, आणि डब्यातली पावडर ती जागा घेऊ शकत नाही. माणसे सोबतीने जेवतात तेव्हा अधिक आणि अधिक प्रकारचे खातात, ही अनेक अभ्यासांत दिसलेली गोष्ट आहे. म्हणून आधी सोबतीचा विचार करावा. गावात एखादी शेजारीण किंवा भाऊबंदांतली कोणी अशी एकटी असेल तर आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी दोघींनी एकत्र जेवावे. एकीने भाकरी टाकावी, दुसरीने झुणका करावा. आपण रोज फोन करतच असाल. तो तिच्या जेवणाच्या वेळी करावा आणि ‘जेवलीस का’ एवढेच न विचारता आज काय केले, जवसाची चटणी उरली आहे का, परसातल्या शेवग्याला शेंगा धरल्या का, असे विचारावे. तिच्या हातचे काही मागवून घ्यावे. मुलासाठी सांडगे घालणारी आई स्वतःसाठीही चार सांडगे तळते.

ज्या रात्री रांधण्याचा उत्साह नसेल त्या रात्रीसाठी घरात सोपी सोय असावी. मूगडाळीची मऊ खिचडी आणि वर तुपाची धार, ताकातली ज्वारीची आंबील, दूध-भाकरी, भाजणीचे थालीपीठ आणि दही, यांपैकी काहीही अर्ध्या तासाच्या आत होते आणि चहा-बिस्किटांपेक्षा कितीतरी पटींनी चांगले असते. भाजणी आणि मेतकूट आपणच नागपूरहून करून न्यावे. टॉनिकच्या बाटलीपेक्षा ते लवकर संपेल. सकाळची कामे तिला उन्हात बसून करता आली, दुपारी भजनी मंडळात जाता आले, तर भूक आणि झोप दोन्ही सुधारतात.

काही तपासण्या मात्र लांबवू नयेत. शाकाहारी वृद्धांमध्ये जीवनसत्त्व ‘ब-१२’ ची कमतरता वारंवार आढळते. दूध-दही-ताक हेच त्याचे घरातले मुख्य स्रोत आहेत, आणि हातापायांना मुंग्या येणे, विसराळूपणा, तोल जाणे अशी लक्षणे असतील तर रक्ततपासणी करून गोळ्या किंवा इंजेक्शने घ्यावी लागतात. दात हलत असल्यामुळे किंवा कवळी रुतत असल्यामुळे ती भाकरी टाळते आहे का, हे तिच्याजवळ बसून जेवताना पाहावे, कारण विचारल्यावर ती सांगणार नाही. पुढच्या भेटीत तिचे वजन करून वहीत लिहून ठेवावे. सहा महिने ते वर्षभरात काही कारण नसताना वजन २० भागांतील एका भागाने, म्हणजे ६० किलोचे ५७ किलो, इतके उतरले असेल, किंवा तिला कशातच गोडी वाटेनाशी झाली असेल, तर तिला आपल्याबरोबर नागपूरला आणून डॉक्टरांना दाखवावे.