म्हशी डुंबतात त्या तळ्यातले बेडूक कमी होतात का?

तुम्ही विचारलंय, गावतळ्यात म्हशी उतरतात म्हणून बेडूक घटले का आणि सगळ्या तळ्याला कुंपण घालावं का. म्हशींचा त्रास होतो हे खरं, पण सगळं तळं बंद करू नका.

राधानगरीकडे आमच्या घरी चार म्हशी होत्या. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात तळ्याकाठी पिवळेधमक झालेले बैलबेडूक रात्रभर ओरडायचे. पुढच्या आठवड्यात काठावर खुरांनी पडलेल्या खड्ड्यांत, बोटभर पाण्यात, त्यांची पिल्लं वळवळताना दिसायची. दोन दिवस उघडीप मिळाली की खड्डा सुकायचा आणि तळाशी नुसती काळी पापडी उरायची. आम्ही पोरं उरलेली पिल्लं ओंजळीनं तळ्यात नेऊन सोडायचो.

अमेरिकेत टेनेसीच्या पठारावर गुरं उतरणारी आणि न उतरणारी तळी तपासली गेली. गुरांच्या तळ्यांत पाणी गढूळ होतं, प्राणवायू कमी होता आणि बुलफ्रॉग, ग्रीन फ्रॉग या तिथल्या बेडकांची पिल्लंही कमी होती. या जातींची पिल्लं महिनोन्‌महिने पाण्यात असतात, म्हणजे तेवढा काळ त्यांना ते पाणी सोसावं लागतं.

कॅलिफोर्नियात मात्र उलटं घडलं. तिथल्या हंगामी डबक्यांभोवतीची चराई थांबवली तेव्हा परदेशी गवत माजलं, त्यानं पाणी ओढून घेतलं आणि ती डबकी सरासरी 50 दिवस आधी आटली. टायगर सॅलमँडर म्हणजे बेडकासारखाच पाण्यात अंडी घालणारा, पण शेपटीवाला प्राणी; त्याच्या पिल्लाला कल्ले सोडून जमिनीवर यायला साधारण तीन महिने पाणी लागतं. गुरं हटवून तिथे त्याच्याच जिवावर बेतलं असतं.

म्हणून माझं मत असं: म्हशींना उतरायला एकच घाट ठेवा, शक्यतो खडकाळ बाजूचा. लव्हाळ्याची उथळ बाजू जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत काटेरी फांद्या लावून अडवा, पुढे चरायला मोकळी करा. तिथलं गवतही मग माजणार नाही. पिण्यासाठी बाहेर हौद बांधता आला तर फारच उत्तम.

आणि हे कळकळीनं सांगतो, कारण याकडे कुणाचंच लक्ष नसतं: गोचिडांसाठी डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिन फवारलेली म्हैस लगेच तळ्यात सोडू नका, तिला तिथे धुऊही नका. ही औषधं पाण्यातल्या जिवांना फार विषारी असतात. औषध लावलं की काही दिवस तिला गोठ्यातच पाणी द्या, आणि फवारणीचा पंप तळ्यावर विसळू नका.